मागचं झाकण उघडू का? कॅमेऱ्याच्या पोटातला अंधार आणि आपली माणसं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग एका प्रश्नामुळे झाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटहून आपल्या एका श्रोत्या ताईंचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. घराची रंगरंगोटी काढली होती, माळ्यावरून सामान खाली उतरवलं, तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत त्यांच्या आबांचा कॅमेरा सापडला. आग्फा क्लिक थ्री. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी लाल काच आहे आणि त्या काचेत ९ हा आकडा दिसतो. ताईंनी विचारलं, "दादा, आत रोल आहे असं वाटतं. मागचं झाकण उघडून बघू का? आणि हे सगळे भाग कशाकशाचे आहेत, तेही सांगाल का?"

ताईंना मी लगेच एक ओळ पाठवली: उघडू नका. काहीही करा, पण झाकण उघडू नका. का उघडू नका, हे सांगायला मात्र एक अख्खा भाग लागणार होता. कारण कॅमेऱ्याचा एकेक भाग समजून घ्यायला गेलं की आपल्याकडच्या सिनेमाचा इतिहास समोर येतो. मुंबईचे सावेदादा, त्र्यंबकेश्वरचे फाळके, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, या सगळ्यांनी याच पेटीशी झटापट केली आहे. तर चला, एकेक भाग घेऊ.

पहिला भाग : पेटी, म्हणजेच अंधार

कॅमेऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण भिंग म्हणतील. माझं उत्तर आहे अंधार. कॅमेरा ही मुळात एक अंधारी पेटी आहे. तिच्यात एकाच ठिकाणाहून, ठरवलेल्या क्षणी, ठरवलेला उजेड आला पाहिजे. बाकी कुठूनही नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर. उजेड पडला की त्या क्षारांत बदल होतो. पण तो बदल डोळ्यांना दिसत नाही. चित्र उमटलेलं असतं, पण झोपलेलं असतं. रसायनात धुतल्यावरच ते जागं होतं, आणि मग हायपोत घालून पक्कं करावं लागतं. तोवर फिल्मला आणखी उजेड लागला की सगळं काळं. म्हणजे ताईंच्या कॅमेऱ्यात आबांनी टिपलेले काही क्षण असे झोपलेले असू शकतात, आणि झाकण भर दुपारी उघडलं तर ते कायमचे जातील.

ही भीती काय असते, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांना नीट माहीत होतं. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून सावेदादांनी इंग्लंडच्या रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानं केलेलं हे पहिलं चित्रण मानलं जातं.

आता गंमत बघा. ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली होती. बोटीनं जाणार, तिकडे धुतली जाणार आणि पुन्हा बोटीनं येणार. तोवर सावेदादांना काहीच कळायला मार्ग नाही. कुस्ती आली की नाही? पेटीच्या एखाद्या फटीतून उजेड घुसला तर नाही? आणि कुस्ती काही पुन्हा होणार नाही. आज आपण फोटो काढतो, आवडला नाही तर पुसतो, पुन्हा काढतो. सावेदादांनी हँडल फिरवलं आणि कित्येक आठवडे वाट पाहिली.

दुसरा भाग : भिंग आणि त्यामागचं भोक

पेटीच्या पुढे भिंग. बाहेरून येणारे किरण गोळा करून फिल्मवर चित्र पाडायचं, हे त्याचं काम. ते चित्र उलटं पडतं, डोकं खाली पाय वर. भिंग पुढेमागे केलं की चित्र स्वच्छ किंवा धूसर होतं, यालाच आपण फोकस म्हणतो. ताईंच्या क्लिक थ्रीमध्ये ही भानगड नाही. साधं एक भिंग, एका जागी बसवलेलं. माणसं चार पावलं लांब उभी करा, फोटो बरा येतो.

भिंगाच्या जोडीला एक भोक असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. ते मोठं केलं की जास्त उजेड आत, लहान केलं की कमी. क्लिक थ्रीवर ढगाचं आणि सूर्याचं चित्र आहे ना, ते हेच. ढगाळ हवेत मोठं भोक, उन्हात लहान भोक. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं अशी सोय.

आता फाळक्यांकडे जाऊ. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. फोटोग्राफी ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. बडोदं म्हटल्यावर आठवलं, ताईंचा क्लिक थ्रीसुद्धा बडोद्यातच तयार व्हायचा. कोरीटकडच्या लोकांना गुजरात काही लांब नाही, त्यामुळे हा योगायोग सांगून टाकला.

तर फाळक्यांनी १९११च्या सुमारास गिरगावात येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची चित्रं अशी पडद्यावर का येऊ नयेत, या विचारानं ते झपाटले. १९१२च्या सुरुवातीला लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि परत आले. दादरला घरालाच लागून स्टुडिओ केला.

त्या काळची फिल्म फार मंद होती. तिला भरपूर उजेड लागायचा. म्हणून सगळं चित्रण उन्हात. ॲपर्चर उघडून उघडून किती उघडणार? मग उरतो एकच उपाय, ऊन वाढवा. सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, म्हणजे ऊन त्यावर आपटून नटांच्या तोंडावर पडेल. आज शूटिंगला पांढरे थर्माकोल धरून पोरं उभी असतात, तेच काम. फरक इतकाच की ही बाई त्याच दिवशी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत होती.

तिसरा भाग : शटर

शटर म्हणजे दार. साध्या कॅमेऱ्यात आपण कळ दाबतो, दार क्षणभर उघडतं आणि मिटतं. क्लिक थ्रीचं दार एकाच वेगानं उघडतं.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात मात्र सेकंदाला सोळा चित्रं घ्यायची असतात. तिथे शटर म्हणजे एक फिरती चकती, अर्धी कापलेली. कापलेला भाग भिंगासमोर आला की उजेड आत, भरीव भाग आला की अंधार. सोळा चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा सोळावा भाग. चकती बरोबर अर्धी असेल तर त्यातला निम्मा वेळ उजेड मिळतो, म्हणजे सेकंदाचा बत्तिसावा भाग. उरलेला निम्मा वेळ अंधार.

अंधार कशाला? तर पुढचा भाग त्याचाच.

चौथा भाग : फिल्म पुढे ओढणारा आकडा

माझ्या मते सिनेमाच्या कॅमेऱ्याचा खरा प्राण हाच. चित्र घेताना फिल्म पूर्ण स्थिर हवी, नाहीतर चित्र फिसकटणार. चित्र घेऊन झालं की ती पटकन पुढे सरकायला हवी आणि पुन्हा स्थिर व्हायला हवी. सेकंदाला सोळा वेळा. चाल, थांब, चाल, थांब.

हे कसं करायचं, यावर युरोप-अमेरिकेतल्या भल्याभल्यांनी डोकं फोडलं होतं. लुई ल्युमिएरला याची कल्पना शिलाई मशीनवरून सुचली, असं सांगतात. आता घरातलं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुई वर असते तेव्हा खालचे दाते कापड पुढे सरकवतात, सुई खाली आली की कापड थांबतं. तसंच इथं. फिल्मच्या कडेला भोकं असतात. एक आकडा त्या भोकात शिरतो, फिल्म खाली ओढतो, बाहेर पडतो, वर जातो आणि पुन्हा शिरतो. आकडा फिल्म ओढत असतो तेव्हा चकतीचा भरीव भाग पुढे आलेला असतो. म्हणजे फिल्म हलते ती कायम अंधारात. उजेडाला ती दिसते तेव्हा ती थांबलेली असते. पडद्यावर जे चालताना दिसतं, ते सगळं थांबलेल्या चित्रांचं बनलेलं असतं.

ज्या चौकटीत फिल्म ताठ धरलेली असते तिला गेट म्हणतात. तिथं फिल्मवर हलका दाब असतो, म्हणजे ती फुगणार नाही, डुगडुगणार नाही.

आणि ती भोकं? आज आपण गृहीत धरतो की फिल्म भोकांसकटच येते. फाळक्यांकडे आलेली कच्ची फिल्म कोरी होती. भोकं घरी पाडायची. आणि ती पाडायची अंधारात, कारण उजेड लागला तर फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. दिवसभराचं घर आटोपलं की रात्री त्या यंत्राशी बसायच्या.

जरा हिशोब करू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. म्हणजे ५९,२०० चित्रं आणि ४ लाख ७३ हजार ६०० भोकं. हा हिशोब फक्त शेवटी वापरलेल्या फिल्मचा. वाया गेलेली वेगळी, प्रेक्षकांना दाखवायच्या प्रतीची वेगळी. भोकं यंत्रानं पाडत होते हे खरं, पण फिल्म सरळ सरकवायला माणूस लागतो. एक जरी भोक वाकडं पडलं तर आकडा चुकतो आणि फिल्म फाटते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पहिला भारतीय कथापट म्हणून आपण फाळक्यांचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. पण ती फिल्म आकड्यावर चढली, ती अंधारात बसलेल्या त्या बाईंमुळे.

पाचवा भाग : हँडल

मोटर नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला हँडल, ते हातानं फिरवायचं. बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं जायची, म्हणून सेकंदाला दोन फेरे. एका तालात. हात मंदावला तर पडद्यावर माणसं पळत सुटणार, हात घाईत आला तर ती रेंगाळणार. म्हणजे उलटंच.

फाळक्यांनी हे काम त्र्यंबक तेलंग यांना शिकवलं. ३,७०० फुटांना ७,४०० फेरे, एकाच लयीत. तबलजीचा हात लागतो त्याला.

आणि हँडल फिरवायचंच नाही, असंही करता येतं. फाळक्यांनी भांडवल उभं करण्यासाठी एक छोटी फिल्म केली होती, वाटाण्याच्या रोपाची. कुंडीत बी पेरलं आणि रोज थोडं थोडं, एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर बघणाऱ्याला मिनिटभरात बी फुटून वेल वर चढलेला दिसला. कॅमेऱ्याचा हा एक भाग नीट कळला होता म्हणून ते जमलं. पैसे देणाऱ्यालाही त्यातून कळलं की या माणसाला यंत्र वश झालंय.

सहावा भाग : व्ह्यूफाइंडर

काय टिपतोय ते बघायची खिडकी. क्लिक थ्रीला वरच्या अंगाला आहे. पण ती भिंगातून बघत नाही, भिंगाच्या वरून बघते. त्यामुळे फार जवळचा फोटो काढला की डोकी कापली जातात. जुन्या अल्बममधल्या अर्ध्या डोक्यांच्या मावश्या आठवा. फोटो काढणाऱ्याची चूक नव्हती, खिडकीची होती. जुन्या सिनेमा कॅमेऱ्यांचंही बरंचसं असंच. हँडल फिरवताना आत नेमकं काय चाललंय, ते दिसायची सोय नाही. अंतर मोजून घ्यायचं आणि अंदाजावर विश्वास ठेवायचा.

आणि हे सगळं घरी बनवलं तर?

आता कोल्हापूर. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे बंधू आनंदराव पेंटर. दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. घराणं कारागिराचं, हातात लाकूड, लोखंड, रंग, सगळंच. फाळक्यांचा सिनेमा पाहून त्यांनाही वेड लागलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? विलायतेहून मागवायचा तर पैसा हवा, आणि दिवस पहिल्या महायुद्धाचे. म्हणून त्यांनी ठरवलं की आपणच बनवू.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट राहिला. बाबूरावांनी तो सोडला नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले सोबतीला होते. १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला.

यात अवघड काय होतं? पेटी सुताराला जमते. हँडल, दाते, चाकं जमवता येतात. अवघड तो आकडा. तो दर वेळी फिल्म अगदी त्याच जागी सोडायला हवा. फिल्मवरचं चित्र जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद. ते बारा फुटी पडद्यावर टाकलं की जवळजवळ दीडशे पट मोठं होतं. म्हणजे आकड्यानं एका केसाच्या जाडीइतकी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक केली, तर पडद्यावर चित्र दीड सेंटिमीटर उडी मारतं. सेकंदाला सोळा वेळा उड्या. प्रेक्षकांचं डोकं दुखेल. हे काम कोल्हापुरात, हातांनी झालं.

त्या हातांतून 'सैरंध्री' आला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, असं सांगतात. आणि त्या कॅमेऱ्याशी झटलेले दामले पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांतले एक तेच. यंत्र उघडून बघायची सवय माणसाला कुठवर नेते, बघा.

मग ते चित्र गेलं कुठे?

इथं जरा थांबावंसं वाटतं. 'राजा हरिश्चंद्र'ची आज फक्त थोडी रिळं उरली आहेत. 'सैरंध्री' आपल्याला बघायला मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकलीही गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि त्यात कितीतरी जुने चित्रपट गेले. सावेदादांनी आठवडेन् आठवडे वाट पाहिली, सरस्वतीबाईंनी रात्री जागवल्या, बाबूरावांनी भावाचं अर्धं काम पुरं केलं. टिपणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. सांभाळणाऱ्यांचा हात मध्येच सुटला.

म्हणून ताई, तुमचा प्रश्न मला साधा वाटला नाही. तुमच्या हातात जे आहे, ते आत्ता सांभाळायची पाळी तुमची आहे.

तर आता काय करायचं

क्लिक थ्रीमध्ये १२० नंबरचा रोल बसतो, बारा चौकोनी फोटोंचा. याला सिनेमाच्या फिल्मसारखी कडेला भोकं नसतात. पाठीमागे काळा कागद असतो आणि त्यावर आकडे छापलेले असतात. लाल काचेतून दिसतो तो आकडा कागदावरचा. काच लाल अशासाठी की पूर्वीच्या फिल्मना लाल उजेड जवळजवळ दिसत नसे. जुन्या डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा, तोही त्याचमुळे. पण नंतरच्या फिल्मना लालही दिसतो, म्हणून त्या काचेवर ऊन पडू देऊ नका. वर एक काळी चिकटपट्टी लावून टाका.

आकडा ९ म्हणजे आठ फोटो नक्की काढलेले, नववा कदाचित काढला असेल, कदाचित नसेल. वरची गुंडी बाणाच्या दिशेनं हळू फिरवून बघा. फिरत असेल तर आकडा १० येईल. फिरत नसेल तर जोर लावू नका. कॅमेरा तसाच काळ्या कापडात गुंडाळून फिल्म धुणाऱ्या लॅबकडे न्या. पुण्या-मुंबईत अजून काही जण हे काम करतात.

गुंडी फिरली तर १२ नंतरही फिरवत राहा, कागद संपून ती हलकी फिरायला लागेपर्यंत. मग रोल पूर्ण गुंडाळला गेलेला असतो. त्यानंतर सावलीत, मंद उजेडात झाकण उघडा, रोल सैल होऊ न देता काढा, कागदाच्या टोकाची पट्टी चिकटवा आणि काळ्या डबीत ठेवा. लॅबवाल्यांना रोल जुना आहे हे आवर्जून सांगा.

चित्रं येतील का? खात्री देत नाही. माळ्यावरचा उन्हाळा फिल्मला मानवत नाही. पण कृष्णधवल रोल चिवट असतात. धुक्यातून यावीत तशी का होईना, चित्रं येतात असा अनुभव पुष्कळांना आहे.

आणि एक. शेवटाकडे नेण्याआधी १०, ११, १२ हे तीन फोटो शिल्लक आहेत. कळ दाबल्यावर खट् असा आवाज येत असेल, तर शटर जिवंत आहे. तुम्ही निरोपात म्हणालात की आजी घरात आहेत. त्यांना अंगणात, उन्हात, कॅमेऱ्यापासून चार पावलांवर बसवा. कॅमेरा सूर्याच्या चित्रावर ठेवा, हात हलू देऊ नका आणि कळ दाबा. आबांनी सुरू केलेला रोल आहे, तो पुरा करा.

लॅबमधून काय आलं ते कळवा. काहीच आलं नाही, तरी कळवा. पुढच्या भागात भेटू.